भिंतीवरची फार्मासिस्ट

बहिणीच्या सासूबद्दल लिहितो आहे असं सांगितलं, तेव्हा कन्हानला आमच्या आईने भाकरी थापता थापता विचारलं, "काहून? तिनं आजून काही केलं का?" बहिणीच्या सासूबद्दल लिहायचं म्हणजे तक्रारच लिहायची, अशी आमच्याकडे समजूत आहे. तक्रार मीही लिहिणार आहे. ती नेमकी कोणाविरुद्ध, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रेमलता खानझोडे, माझ्या बहिणीची म्हणजे दामिनीची सासू. मी त्यांना काकू म्हणतो. नागपूरला इतवारीत भांड्यांची दुकानं ओलांडून हातगाड्यांमधून वाट काढत पुढे गेलं की खानझोडे मेडिकल लागतं. वसंतकाका, म्हणजे काकूंचे यजमान, तिथे गल्ल्यावर बसतात. ते बी.कॉम. आहेत आणि लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. त्यांच्या डोक्यावर गणपती आणि गणपतीच्या जरा खाली एक फ्रेम. फ्रेममध्ये काकूंचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट, कोपऱ्यात दोन वेण्यांचा फोटो आणि नाव कु. प्रेमलता पांढरीपांडे. लग्नाआधीचं नाव बदलून घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे खानझोड्यांच्या दुकानात ही पांढरीपांड्यांची मुलगी कोण, हे गिऱ्हाइकांना कळायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही.

एका दसऱ्याला मात्र एकाने विचारलं. दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. तराजू, फ्रीज, बिलाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. वसंतकाका त्या दिवशी गणपतीला हार घालतात आणि उरलेला छोटा हार सर्टिफिकेटला. शेवटी तेही दुकानाचं हत्यारच. तर हार घातलेली फ्रेम पाहून एका गिऱ्हाइकाने टोपी काढली आणि हळूच म्हटलं, "शेठ, कधी गेल्या बाई?" काकू सोनं द्यायला म्हणून दुकानात आलेल्या होत्या, त्याच्या मागेच उभ्या. त्या म्हणाल्या, "लग्न झालं त्याच वर्षी."

गिऱ्हाईक फार हळहळलं.

हा किस्सा काकू स्वतः सांगतात आणि सांगताना हसत नाहीत. मी त्यांच्याकडे रविवारी जेवायला जायचो, तेव्हा तो त्यांनी मला वेगवेगळ्या भाज्यांबरोबर ऐकवला आहे. काकूंची जीभ तिखट आहे. दामिनीच्या पहिल्या वांग्याच्या भाजीला त्यांनी "मलम छान झालंय" म्हटलं होतं. त्यामुळे आता मी त्यांची बाजू मांडेन तेव्हा कोणी असं समजू नये की बाई गरीब गाय आहेत.

काकूंचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मुलगी शिक्षिका व्हावी अशी त्यांची इच्छा, आणि मुलीला मात्र औषध तयार कसं होतं ते बघायचं होतं. विकायचं नव्हतं. हा फरक त्यांना तेव्हापासून स्पष्ट होता. बी.फार्म. झाल्यावर त्यांनी हिंगण्याच्या एका गोळ्यांच्या कारखान्यात अर्ज केला. तो कारखाना आता नाही. त्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या बादल्या बनतात. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, "शिफ्ट कराल?"

"करीन."

"आणि लग्न?"

"तेही करीन. शिफ्ट संपल्यावर."

मॅनेजर हसला आणि त्याने घेतलं. त्या कारखान्याच्या लॅबमध्ये काकू पहिल्या बाई. पहिली असण्याचा मान काय असतो ते त्या असं सांगतात: बायकांसाठी तिथे संडास नव्हता. म्हणून सकाळी पाण्याचा घोट न घेता कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन उभ्याउभ्या तांब्या रिकामा करायचा. लॅबमधली पुरुष मंडळी पहिले काही महिने त्यांच्यासमोर शिव्या द्यायची नाहीत. पुढे द्यायला लागली, तेव्हा काकूंना नोकरी पक्की झाल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात त्या कारखान्यातल्या गोळ्यांची टोपी उडायची. म्हणजे मशीनमधून निघालेली गोळी दाबली की वरचा पापुद्रा वेगळा आणि बूड वेगळं. सगळे मशीनच्या नावाने बोटं मोडायचे. काकूंचं म्हणणं असं की मशीन बिचारं ठीक आहे, पावडर जास्त वाळते आहे. ओव्हनची वेळ कोणी तरी पावसाळ्यात ठरवलेली, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे बाहेरच ओव्हन. त्यांनी उन्हाळ्यासाठी वाळवण्याची वेगळी वेळ काढून दिली. टोप्या जाग्यावर राहिल्या. कामगार त्या वेळेला "पांढरीपांडे टाइम" म्हणायला लागले. काकूंना बक्षीस काही मिळालं नाही, पण ते दोन शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आजही बदलतो, आणि मग त्या लगेच कोणाला तरी टोमणा मारतात.

इकडे इतवारीत खानझोडे मेडिकलचा म्हातारा फार्मासिस्ट काम सोडून मुलाकडे जबलपूरला निघाला होता. फार्मासिस्ट नसला तर लायसन जातं. वसंतकाका लग्नाचे होते. दोन्ही गरजा एकाच मुलीत भागत होत्या. बघण्याच्या कार्यक्रमात काकूंना गाणं येतं का ते कोणी विचारलं नाही. पोहे संपल्यावर होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "रजिस्ट्रेशन चालू आहे ना?" काकूंच्या वडिलांना वाटलं, शिकलेल्या मुलीची कदर करणारं घर मिळालं. सासरे म्हणाले, "दुकान तुझंच आहे, पोरी."

यात एक मेख होती, आणि ती कायद्यातच होती. ज्याचं सर्टिफिकेट दुकानात लागतं, त्याने दुकान उघडं असेल तेव्हा तिथे हजर राहायचं असतं. म्हणजे दुसरीकडे नोकरी करता येत नाही. काकूंना हे माहीत होतं. हिंगणा सोडून काउंटरवर बसू, असा त्यांनी हिशेब केला. गोळ्या बनवायच्या नाहीत तर नाहीत, निदान हातून जातील. त्यांनी राजीनामा दिला. सर्टिफिकेट भिंतीवर चढलं. मग सासूबाई म्हणाल्या, इतवारीत हमाल, व्यापारी, सगळी पुरुषांची ये-जा. आपल्या घरच्या सुनेने तिथे बसायचं बरं दिसत नाही. वसंतकाका म्हणाले, तात्पुरतं घरीच राहा.

ते तात्पुरतं पस्तीस वर्षांच्या वर चाललं.

मधल्या काळात काकू फार्मासिस्ट असायच्या त्या फक्त फोन आल्यावर. औषध दुकानं तपासणारे इन्स्पेक्टर गल्लीत शिरले की पहिल्या दुकानातून बाकीच्या दुकानांना फोन जातात. वसंतकाका घरी फोन करायचे, "ये." एवढंच. काकू गॅस बंद करायच्या, स्कूटरच्या डिक्कीतला पांढरा ॲप्रन साडीवर चढवायच्या आणि मागच्या दाराने काउंटरवर यायच्या. इन्स्पेक्टर विचारायचे, "तुम्हीच बसता ना?" काकू म्हणायच्या, "हो सर, दिवसभर." एकदा त्या पुरणाच्या हातानेच आल्या होत्या. इन्स्पेक्टरांनी हाताकडे पाहिलं तर काकू म्हणाल्या, "मलम." एवढी हुशार बाई खोटं बोलण्यात फुकट गेली, असं मला वाटतं. आणि त्यांनी ते खोटं चालवलंही. त्याच दुकानावर उन्मेषचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं शिक्षण झालं, घरावर मजला चढला. काकूंनी तो मजला नको म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

उन्मेष आणि दामिनी फार्मसी कॉलेजात एका वर्गात होते. खानझोड्यांची जात वेगळी, आमची वेगळी. आमचे बाबा, रुपराव, कन्हानचे शेतकरी. त्यांना वाटलं आता पोरीच्या सासरी काय काय ऐकावं लागेल. पण वसंतकाकांनी एका बैठकीत होकार दिला. बाबा परत येताना गाडीत म्हणाले, "मोठ्या मनाचा माणूस हाय गा." मन मोठं असेलही. पण उन्मेषचं सर्टिफिकेट इतवारीला लागलं असतं तरी आणखी एक दुकान काढायला आणखी एक लागणारच होतं, हे गणित आम्हाला नंतर कळलं. दामिनी बी.फार्म. होती म्हणून जात चालून गेली.

दामिनी तेव्हा हिंगण्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती. लग्नानंतरही जात राहिली. सकाळी बसच्या वेळेला काकू तिचा डबा स्वतः भरायच्या, आणि संध्याकाळी ती आली की चहा समोर ठेवून विचारायच्या, "आज काय तपासलं?" दामिनीला वाटायचं, सासू पाळत ठेवून राहिली. मी सांगायचो, बाई विचारून राहिली कारण तिला ऐकायचं आहे. दामिनी म्हणायची, "तू रविवारी जेवायला येतोस, तुले सगळं गोडच लागते."

मग मागच्या वर्षी बेसा भागात वसंतकाकांनी दुकानाचा गाळा घेतला. नवी वस्ती, उंच इमारती, खाली एकही मेडिकल नाही. ठरलं असं की उन्मेषचं सर्टिफिकेट इतवारीला लावायचं, काकूंचं वय झालं म्हणून ते उतरवायचं, आणि बेशाला दामिनीचं. हे आमच्या बाबांना सांगायला त्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. मीही होतो.

"दुकान तिच्याच नावावर राहील," वसंतकाका म्हणाले. "मालकीण होईल मालकीण. हिंगण्याला काय, दुसऱ्याची चाकरी."

बाबा खूश झाले. "नाव राहीन ना पोरीचं दुकानात?"

"हे एवढं मोठं. भिंतीवर."

काकू पोळी वाढत होत्या. त्या बाबांच्या ताटाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "माझंही आहे, रुपरावजी. एकदा येऊन बघा. दसऱ्याला या, हार असतो."

बाबांना वाटलं आमंत्रण आहे. त्यांनी येतो म्हटलं.

त्या दिवसापासून काकूंनी एकच गोष्ट धरली: दामिनीचं सर्टिफिकेट बेशाच्या भिंतीवर जाऊ द्यायचं नाही. वसंतकाकांना त्यांनी सांगितलं, बाहेरचा फार्मासिस्ट पगारावर ठेवा. काका म्हणाले, घरात दोन असताना पगार कशाला. उन्मेषला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, तू उगाच टेन्शन घेऊन राहिली." शेवटी त्या दामिनीशी बोलल्या. मी तिथेच टीव्हीसमोर होतो आणि टीव्हीचा आवाज मी कमी केला, हे मान्य करतो.

"काकू, मी खरंच बसणार आहे दुकानात," दामिनी म्हणाली. "रोज. मला काउंटर आवडतो. लॅबमध्ये दिवसभर मशीनशी बोलायचं, माणूस दिसत नाही."

"मीही बसणार होते."

"तुमचा जमाना वेगळा होता."

"जमाना वेगळा होता," काकू म्हणाल्या. "माणूस तोच आहे. गल्ल्यावर बसलाय."

दामिनी उठून कपडे वाळत घालायला गेली. काकूंनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "वाढव आवाज. संपलं बोलणं."

दामिनीने राजीनामा महिनाअखेरीला द्यायचा ठरवला. त्याआधी बेशाचा गाळा दाखवायचा होता, कारण लायसन द्यायच्या आधी इन्स्पेक्टर जागा बघून जातात. त्या दिवशी मलाही बोलावणं आलं, मी घरचाच माणूस म्हणून. फ्रीज वर चढवायचा होता. औषधाच्या दुकानात फ्रीज लागतोच. तो ओट्यावर चढवून मी घाम पुसत उभा होतो, तेव्हा काकू आल्या. जुन्या फार्मासिस्ट म्हणून, शोभेला. त्यांनी दुकान नीट फिरून पाहिलं. नवी कपाटं, काचेचा काउंटर. काउंटरच्या मागे एकच खुर्ची, चाकांची, गल्ल्यापाशी. तिच्यावर उन्मेष बसून फिरत होता. औषधं काढून द्यायला एक पोरगा आधीच नेमलेला होता. आणि आतल्या बाजूला खिळ्यावर नवा ॲप्रन, घडीच्या रेषा तशाच असलेला.

"दामिनीची खुर्ची कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

"येईल ना," वसंतकाका म्हणाले. "जागा कमी आहे सध्या."

"ॲप्रनला झाली जागा."

एवढ्यात इन्स्पेक्टर मॅडम आल्या. तरुण होत्या, शांत होत्या. फ्रीज बघितला, जागा मोजली. मग दामिनीला म्हणाल्या, "फार्मासिस्ट तुम्ही? दुकान उघडं असेल तोवर पूर्ण वेळ तुम्ही असाल?"

दामिनीने उन्मेषकडे पाहिलं. बस्स, तेवढंच पाहिलं. आणि काकू बोलल्या.

"मॅडम, तिला नको, मला विचारा. इतवारीच्या दुकानात मी आहे. कागदावर पूर्ण वेळ आहे. एक दिवसही बसलेली नाही. फोन आला की येते, तुम्ही गेलात की मी जाते. हिचंही तेच होणार आहे. खुर्ची सुद्धा आणलेली नाही, बघा ना."

फिरती खुर्ची थांबली. वसंतकाका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वय झालंय, मॅडम. काहीही बोलते."

"मी जे बोलले ते लिहून घ्या," काकू म्हणाल्या. "सही करते. सही माझीच चालते दुकानात."

मॅडमनी लिहून घेतलं.

बेशाचा अर्ज बारगळला. इतवारीचं लायसन काही आठवड्यांसाठी बंद झालं आणि शटरवर कागद लागला. बाजारात असा कागद लागला की लोक वाचायला थांबतात, हातगाडीवालेही थांबतात. वसंतकाका घरात बसले आणि काकूंशी बोलायचे थांबले. आमचे बाबा फोनवर मला म्हणाले, "सासूनंच पोरीचं दुकान बुडवलं म्हणते लोकं. मले सांग, हे काय असन?"

मला वाटलं होतं निदान दामिनी तरी काकूंच्या गळ्यात पडेल. तिची नोकरी वाचली होती. मी तसं म्हणालो, तर ती ज्या नजरेने माझ्याकडे पाहून राहिली, ती मी लहानपणी तिची सायकल कालव्यात घातली तेव्हाच पाहिली होती.

"मला विचारलं होतं त्या मॅडमने," ती म्हणाली. "मला. उत्तर माझं होतं. पस्तीस वर्षं सासऱ्यांनी त्यांच्या जागी ठरवलं, आणि एका मिनिटात त्यांनी माझ्या जागी ठरवलं."

"तू काय सांगणार होतीस?"

"हो सांगणार होते. आणि बसणार होते."

"खुर्ची नव्हती तिथे."

"खुर्ची मी आणली असती, ऋषिकेश."

आणली असती का? माझी बहीण आहे, आणली असती असं म्हणावंसं वाटतं. पण आमच्या घरी बाबांसमोर तिने कधी मोठ्याने काही मागितलेलं मला आठवत नाही. काकूंनीही कधी तरी असंच म्हटलं असणार. कोण बरोबर ते कळायची सोय काकूंनीच संपवली.

महिन्याभरात उन्मेष आणि दामिनी हिंगणा रोडवर भाड्याच्या घरात राहायला गेले. दामिनी त्याच लॅबमध्ये आहे. सासरी सणाला येते, काकूंना वाकून नमस्कार करते आणि बोलत नाही.

इतवारीचं लायसन परत मिळालं ते या अटीवर की फार्मासिस्ट खरोखर हजर पाहिजे, आणि आता अधूनमधून न सांगता तपासणी होते. उन्मेषने बापाच्या दुकानात यायला नकार दिला आणि वर्धा रोडवर एका मोठ्या साखळी दुकानात नोकरी धरली. म्हणून सर्टिफिकेट काकूंचंच राहिलं, आणि आता साठी उलटल्यावर त्या सकाळी दहापासून काउंटरवर बसतात. हवं होतं ते मिळालं, असं म्हणायला हरकत नाही. वसंतकाका तीन हातांवर बसतात आणि जे सांगायचं ते गिऱ्हाइकाला ऐकवतात.

परवा मी गेलो होतो. एक माणूस आला आणि काकूंच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "शेठ, ती झोपेची गोळी द्या."

"चिठ्ठी?" काकूंनी विचारलं.

"नेहमीची आहे, बाई. शेठला माहीत आहे."

"शेठला माहीत असेल. चिठ्ठी लागेल."

"शेठ, सांगा ना यांना."

वसंतकाका छताकडे बघत म्हणाले, "बाईंना विचारा. लायसन त्यांचं आहे. आम्ही इथे हमाल."

माणूस समोरच्या दुकानात गेला आणि पुडी खिशात घालत बाहेर आला. आमच्याकडे बघून तो हसलाही. समोरच्या दुकानाचा फार्मासिस्ट कोण, ते मी आजवर पाहिलेलं नाही.

"हे असं चालू आहे, ऋषिकेश," वसंतकाका म्हणाले. "सांग तुझ्या बहिणीला."

काकूंनी काउंटरवरच्या पट्ट्या सरळ केल्या. मग विचारलं, "बेशाच्या गाळ्याचं काय झालं?"

"दुसऱ्यांनी घेतला. मेडिकलच काढलं आहे."

"फार्मासिस्ट कोण?"

"त्यांची सून आहे म्हणतात. भंडाऱ्याची."

"बसते का?"

मी दोनदा तिकडून गेलो होतो, डोकं दुखतंय म्हणून आतही गेलो होतो. "मी गेलो तेव्हा नव्हती," मी म्हणालो. "बाहेर गेली असेल."

एक बाई खोकल्याचं औषध घेऊन गेली, तिला त्यांनी चमचा किती भरायचा ते सांगितलं. बाईने मान हलवली आणि वसंतकाकांना पुन्हा तेच विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. तेव्हा ती गेली.

"हे दामिनीला सांगितलंस?" काकूंनी विचारलं. "बेशाचं?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. बसची वेळ झाली म्हणाली."